इस्तू मागायला

फुलाबाई सकाळी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सायेब, इस्तू हाय का वाईच?" तिच्या हातात खापरीचा तुकडा होता आणि त्यात निखारा ठेवायला राखेचा थर दिलेला होता. मी कॉटवर बसलो होतो. एका पायात बूट होता, दुसरा हातात होता. तो किती वेळ हातात होता ते मला सांगता येणार नाही. बुटात ऊन आलं होतं एवढं आठवतं. मी म्हणालो, "चूल नाही पेटवली अजून." ती "बरं" म्हणाली आणि गेली. तिची पावलं अंगणातून रस्त्यापर्यंत ऐकू आली, तिथं जरा थांबली, मग पुढं गेली. ती कशाला आली होती ते तेवढ्या वेळात मला कळलं. माझ्याकडे रॉकेलचा स्टोव्ह आहे हे फुलाबाईला माहीत होतं. माझी बायको केशर गेल्यापासून मी चूल पेटवलेली नाही हे सगळ्या वाड्याला माहीत होतं. थंड चुलीच्या घरी इस्तू मागायला कुणी जात नाही. जातं ते एकाच कामासाठी, आणि त्या कामाला बायांना मीच पाठवत होतो.

ब्याऐंशी साली पुण्याच्या एका संस्थेनं पौडला केंद्र काढलं, तेव्हा त्याचं नाव फार लांब होतं. साध्या भाषेत काम असं होतं की माणूस पुरता बिघडायच्या आधी ओळखायचा आणि गावातच बरा करायचा. त्याआधी मी पुण्यात मनोरुग्णांच्या एका इस्पितळात परिचारक होतो. तिथं माणसं यायची ती सगळं संपल्यावर. देवऋषी झालेला, कोंबडी कापून झालेली, साखळीनं पायाला जखमा झालेल्या, घरच्यांचा जीव विटलेला. आणून सोडली की घरचे मागं वळून बघत नसत. माझ्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असे. संध्याकाळी कुलूप लावलं की मी बाहेरच्या बाजूला असे, पण रात्रपाळीला मला वॉर्डच्या आतल्या खोलीतच बसावं लागे आणि बाहेरचं दार पहारेकरी लावून घेई. त्याचं मला तेव्हा काही वाटत नसे. आता वाटतं. डॉक्टर मला म्हणाले, जयवंत, तुम्ही माणसाशी न ओरडता बोलता, तुम्ही चला. मी केशरला घेऊन पौडला आलो आणि बौद्धवाड्याच्या कडेला खोली घेतली. डॉक्टर दर गुरुवारी जीप घेऊन येत. बाकीचे दिवस सगळं मी बघायचं. फुलाबाईसारख्या वाडीवाडीतल्या बाया निवडायच्या, त्यांना काय बघायचं ते सांगायचं, मंगळवारी ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत बसवून कुणाच्या घरी काय दिसलं ते ऐकायचं.

सुरुवातीला काहीच जमलं नाही. बाया खांद्याला पिशव्या लावून दारात जायच्या आणि विचारायच्या, तुमच्यात कुणाचं डोकं फिरलंय का. एका वस्तीवर धोंडाबाईच्या अंगावर कुत्रं सोडलं. धोंडाबाई मराठ्यांच्या आळीतली, तोंडानं फटकळ. ती मंगळवारी म्हणाली की त्या घरात डोकं फिरलेलं एकच, ते कुत्रं, त्याचं नाव लिहा. सगळ्या हसल्या आणि मी घरी येऊन डोक्याला हात लावून बसलो. केशर भाकरी थापत होती. ती परातीतून मान वर न करता म्हणाली, "इस्तू मागायला जा म्हणावं की. इस्तवाला कोण न्हाई म्हणतंय." मग तिनंच सांगितलं. इस्तू मागायला गेलेल्या बाईला चुलीपर्यंत आत घेतात. चूल कुणी पेटवली ते दिसतं. सासू पेटवतेय आणि सून भिंतीकडं तोंड करून पडलीय, हे दिसतं. दिवस वर आला तरी चूल गार असली तर त्या घरात काहीतरी बिनसलंय. विचारायचं काही नाही. निखारा घ्यायचा, दोन शब्द बोलायचे, यायचं. मी हे बायांना सांगितलं तेव्हा आपलंच असल्यासारखं सांगितलं. काम चालायला लागलं. पहिल्याच पावसाळ्यात एका वस्तीवर रंभाबाई नावाची बाळंतीण सापडली. तिनं बाळाला घेणं सोडलं होतं आणि घरचे म्हणत होते की आळशी आहे. गोळ्या सुरू झाल्या, आमच्यातली एक बाई रोज जाऊन तिच्याजवळ नुसती बसू लागली. दिवाळीला ती बाळ कडेवर घेऊन केंद्रात आली आणि केशरच्या मांडीवर बाळ ठेवून पाणी प्यायली. आम्हाला मूल नव्हतं. केशरनं ते बाळ बराच वेळ दिलं नाही.

तर फुलाबाई माझ्या दारात खापरी घेऊन आली, याचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. उलट एक गोष्ट जास्त लागली. आमच्यात एक नियम होता. ज्या घरात माणूस गेलंय तिथं वर्षभर जायचं नाही. दुःख म्हणजे आजार नव्हे, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि बायांनाही ते पटलं होतं. माणूस रडणार, जेवणार नाही, एकटं बसणार, त्याला तेवढं करू द्यायचं. केशरला जाऊन वर्ष व्हायचं होतं. म्हणजे या बायांनी माझ्यासाठी नियम मोडला होता. मोडावा असं काहीतरी माझ्यात दिसलं होतं. मी दुसरा बूट घातला, आरशासमोर गेलो आणि स्वतःला त्यांच्या नजरेनं बघायला लागलो. दाढी केलेली होती. सदरा धुतलेला होता. पण सदऱ्याची गुंडी एक घर चुकून लावलेली होती आणि ती कालही तशीच होती असं मला वाटलं. मी ती नीट केली. नीट करताना बोटं माझी वाटेनात. वॉर्डात दुसऱ्याच्या गुंड्या लावून देताना जशी माझी बोटं दिसायची तशी ती दिसत होती, कामाला आल्यासारखी.

त्या दिवशीपासून मी अडकलो. हे दुसऱ्या शब्दात सांगता येत नाही. जे जे मी करीन त्याला आमच्या कामात काहीतरी नाव होतं. गप्प बसलो तर माणूस बोलेनासा झालाय. जास्त बोललो तर उसनं अवसान आणतोय. घरी बसलो तर माणसांत मिसळत नाही. बाहेर फिरलो तर घर टाळतो. चहा अर्धा टाकला तर धोंडाबाईची नजर कपात जायची आणि मी तो उचलून संपवायचो. मग वाटायचं, एवढ्या घाईनं संपवला हेही तिनं पाहिलं. यातून सुटायला एकच वाट होती की त्यांना सगळं सांगून टाकायचं. पण काय सांगणार? केंद्र मी चालवत होतो. केंद्र चालवणाऱ्याचं नाव मंगळवारी निघालं तर गुरुवारी त्याला डॉक्टरांपुढं बाकावर कोण बसवणार, आणि शुक्रवारी वाड्यावस्त्यांवर तो कुठल्या तोंडानं जाणार? संस्थेनं दुसरा माणूस पाठवला असता. मला पुण्याला परत जावं लागलं असतं. पुण्यात माझं होतं काय? नळाशेजारच्या एका खोलीत भाऊ होता, भावजय होती आणि त्यांची पोरं होती. पौडमध्ये निदान केशरनं लिंपलेली भिंत होती. आणि काम होतं. काम गेलं तर सकाळी बूट घालायचं कारणच उरलं नसतं. तेव्हा मला एकच करायचं होतं. मी बरा आहे असं या बायांना दिसलं पाहिजे.

मला ते जमेल असं वाटलं, कारण कशात काय बघतात ते मला माहीत होतं. मी पहाटे उठून चूल पेटवली. केशरनं चुलीमागं गोवऱ्यांची चळत रचून ठेवली होती, तिला मी हात लावला नव्हता. वरची गोवरी काढली तेव्हा तिच्यावर केशरच्या बोटांचे ठसे होते, पाचही. मी ती गोवरी बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. तिच्यावरही होते. सगळ्यांवरच होते, ती काय गोवरी थापणाऱ्या कुठल्याही बाईची बोटं असतात. मी जाळायला लागलो. धूर डोळ्यांत गेला आणि डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला बरं वाटलं की आता कुणी आलं तर धुराचं कारण आहे. दुसऱ्या दिवशी फुलाबाई आली तर मी तिला खापरीभर निखारे दिले. ती निखाऱ्यांकडे बघून म्हणाली, "चांगलं पेटवलंया की, सायेब." मी हसलो. पास झालेल्या पोरासारखा हसलो. पण त्यानं भागलं नाही. दोन दिवसांनी धोंडाबाई आली. ती माझ्याकडून पाणीसुद्धा पीत नसे, काम एकत्र करायचं पण भांडं वेगळं, हे आमच्यात न बोलता ठरलेलं होतं. ती आगपेटी मागायला आली. तिच्या आळीत आगपेट्या नव्हत्या असं नाही. आगपेटी घेऊन ती उंबऱ्याबाहेर उभ्यानंच आतलं सगळं बघून गेली, मोरी, फळी, अंथरुणाची वळकटी. मग मी भिंतींना चुना दिला. बोंबील आणून भाजले, वास वाड्यात जावा म्हणून. न्हाव्याकडं गेलो. बाजारातून नवी चादर आणली, निळ्या फुलांची. चादर अंथरली आणि तिच्यावर मला झोप येईना. मी खाली सतरंजीवर झोपायचो आणि पहाटे उठून चादर चुरगाळून ठेवायचो.

या सगळ्यात मी जेवत नव्हतो असं नाही. जेवत होतो, पण घास तोंडात कागदासारखा फिरायचा आणि गिळायची आठवण करावी लागायची. दुपारी केंद्रात बसलो की समोर बोलणाऱ्या माणसाचे ओठ हललेले दिसायचे आणि शब्द जरा मागून यायचे, जसं पलीकडच्या डोंगरावर कुणी लाकूड तोडताना कुऱ्हाड आधी पडते आणि आवाज नंतर येतो. संध्याकाळ झाली की छातीत कुणीतरी बसकण मारायचं. कुणी म्हटलं असतं की बायको गेल्यावर असं होतंच, तर मीही तेच म्हणत होतो. डॉक्टर तर ते म्हणालेच होते. केशर गेली त्या आठवड्यात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, वेळ जाऊ द्या, जयवंत. मी वेळ जाऊ देत होतो.

धरणाकडच्या गावांना जायला एसटी होती. ताम्हिणीकडं जाताना एका बाजूला पाणी लागतं आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. मी डोंगराच्या बाजूला बसतो. गाडी रिकामी असली तरी डोंगराच्या बाजूला. पाण्याच्या बाजूला बसलं की मला हात सीटखाली दाबून ठेवावे लागतात. एकदा केशर बरोबर होती, तिला तिकडच्या एका गावी बारशाला जायचं होतं. तिला पाणी बघायचं होतं. ती खिडकीशी बसली आणि मी उठून पलीकडं डोंगराच्या बाजूला गेलो. म्हणालो, इकडं वारा बरा आहे. ती थोडा वेळ पाण्याकडं बघत राहिली, मग उठून माझ्या शेजारी आली, माझ्या आणि वाटेच्या मध्ये बसली आणि माझा हात पदराखाली धरून ठेवला. उतरेपर्यंत सोडला नाही. गाडीत लोक होते, ती असं कधी करत नसे. मला वाटलं, तिला गाडी लागत असेल. ज्या पोटाच्या दुखण्यानं ती गेली ते तेव्हा सुरू झालेलं नव्हतं.

चुना आणि चादर झाल्यावर बाया प्रश्न विचारायला लागल्या. आधी त्यांनी घर बघितलं आणि मग माणूस, अगदी शिकवल्यासारखं. एका मंगळवारी सगळ्या उठल्यावर फुलाबाई पदर खोचत म्हणाली की सायेब, तुमी तंबाखू खाता का. मी म्हणालो, नाही. दारू? कधीच नाही. धोंडाबाईनं विचारलं की तुमच्या घराण्यात कुणाला डोक्याचा त्रास. मी म्हणालो, माझ्या माहितीत नाही. आई-बाप कशानं गेले, भाऊ बोलतो का, पुण्याला जाणं-येणं आहे का, रात्री किती वाजता दिवा जातो. हे सगळे आमचेच प्रश्न होते. मी स्वतः फळ्यावर लिहून दिलेले. मी एकेकाला सरळ उत्तर देत गेलो. दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि फुलाबाईनं मान हलवली. त्या मानेचा अर्थ मी घरी जाऊन किती वेळ लावत बसलो. मला वाटलं, सुटलो. मग वाटलं, सापडलो. रात्रपाळीला आतल्या खोलीत बसल्यावर कधी कधी बाहेर किल्ली वाजायची आणि समजायचं नाही की पहारेकरी उघडतोय की लावतोय. तसं झालं. त्यानंतर बाया माझ्याशी फार गोड वागू लागल्या. फुलाबाईनं एकदा भाकरीशी खायला वाटीतून कोरड्यास आणून दिलं. धोंडाबाई म्हणाली, "सायेब, निळा सदरा तुमाला खुलतोय." आजारी माणसाला धीर द्यायला आम्ही असंच काहीतरी चांगलं बोलायला सांगत होतो. मी मान खाली घातली.

शनिवारी संध्याकाळी फुलाबाई आली आणि दारातच म्हणाली की उद्या आयतवारी घरी राहा, लवळ्यास्नं मानसं येणार हायेत. मला वाटलं, कुणी आजारी माणूस असेल, गुरुवारपर्यंत थांबता येत नसेल. मी विचारलं, बाई आहे की पुरुष? ती तोंडाला पदर लावून हसली आणि म्हणाली की बाईच की. माझी मावसबहीण हाय, भीमाबाई. नवरा खाणीत दगडाखाली गेला, दोन वर्सं झाली. पोरबाळ न्हाई. मी विचारलं की तिला काय होतंय. फुलाबाईनं माझ्याकडं नीट बघितलं, मी चेष्टा करतोय का ते बघायला. मग म्हणाली, "सायेब, तुमाला खरंच कळलं न्हाई? आमी म्हैनाभर काय इस्तू मागत हुतो?"

मी दाराला धरलं. ती सांगत होती. माणूस एकटा पडलाय, चांगला हाय, निर्व्यसनी हाय. पण घर कसं ठेवतोय, सवताचं करून खातोय का, ते बघितल्याबिगर पोरगी कशी द्यायची. धोंडाबाईला म्या म्हनलं की तू बी एकदा नजर टाक, परक्याची नजर बरी असती. तुमी तर चुना बी दिला. चादर बी आणली. आमी म्हनलं, सायबाच्या बी मनात हाय. ती हसत होती आणि तिच्या हसण्यात मनापासूनचा आनंद होता. मला त्या वेळी काय वाटलं ते सांगतो. लाज नंतर वाटली. आधी वाटलं की म्हणजे कुणाला काही दिसलंच नाही. महिनाभर मी ज्या नजरेपासून लपत होतो ती नजर माझ्यावर नव्हतीच. बाया माझ्या चुलीपर्यंत आल्या, माझ्या तोंडाकडं बघून गेल्या, आणि त्यांना नवरदेव दिसला. मला सुटल्यासारखं वाटायला पाहिजे होतं. पण खोलीला बाहेरून कडी लागल्यासारखं वाटलं. त्या खोलीत मी आहे हे कुणाला माहीतच नसेल तर कडी काढायला तरी कोण येणार?

मी नाही म्हणायला पाहिजे होतं. त्याऐवजी मी म्हणालो, बरं.

रविवारी ते आले. भीमाबाई, तिचा भाऊ सोपान, आणि सोपानची बायको. फुलाबाईनं माझ्याच स्टोव्हवर पोहे केले. धोंडाबाई उंबऱ्यावर बसली. सोपान निळ्या फुलांच्या चादरीवर बसला आणि म्हणाला की केंद्राचं काम कायमचं आहे की कसं. मी काय म्हणालो आठवत नाही. ओठ पुढं जात होते, शब्द मागं येत होते. मी बसलो नाही. घर माझं होतं, पण बसायला जागा उरली नव्हती, मी फळीला टेकून उभा होतो. भीमाबाई भिंतीशी बसली होती. हाताला घट्टे होते, डोईवरचा पदर मागं सरकलेला. ती लाजत नव्हती आणि लाजायचं नाटकही करत नव्हती. ती चुलीकडं बघत होती. सोपान म्हणाला की आमच्याकडून काही अडचण नाही, आता तुम्ही बोला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणालो, "मी बरा नाही."

धोंडाबाई म्हणाली की बरा कोण असतोय लग्नाला उभा राहताना. सोपानची बायको हसली. सोपान म्हणाला, समदे आधी असंच म्हणतात, मी बी म्हनलो होतो, मला तर ताप आला होता. फुलाबाई म्हणाली की सायेब लाजतेत. मी परत म्हणालो, की खरंच बरा नाही, आणि ते परत हसले, मायेनं हसले. मला वाटलं, आता मी हेच कितीही वेळा म्हटलं तरी ते हसतच राहतील आणि हसता हसता तारीख धरतील. वॉर्डात एक माणूस होता, तो रोज मला सांगायचा की मी वेडा नाही. मी रोज म्हणायचो, हो बाबा, नाहीस तू, आणि कुलूप लावायचो.

"बरं न्हाई म्हंजी कसं?" भीमाबाईनं विचारलं. ती चुलीकडंच बघत होती. आवाजात काही नव्हतं, बैलाला काय झालंय असं विचारावं तसं. मी म्हणालो की सकाळी बूट घालायला बसतो आणि एकच घातला जातो. मग दुसरा हातात धरून बसतो. ती म्हणाली, मग? मी म्हणालो की मग ऊन येतं. घास गिळायची आठवण करावी लागते. गाडीत मी पाण्याच्या बाजूला बसत नाही. ती आता माझ्याकडं वळली. "का बसत न्हाई?" मी हात मागं घेऊन फळीखाली दाबले. ती म्हणाली, "हां." मग तिनं सांगितलं की तिचा नवरा गेल्यावर ती वर्षभर घरात शिरताना आधी दार वाजवायची आणि मग आत जायची. आत कुणी नसायचं, पण वाजवायची. लोक हसायचे. एक दिवस वाजवायची विसरली, मग वाजवलं नाही. "पर मला भूक लागायची," ती म्हणाली. "रडता रडता बी भाकरी खायाची म्या. झोप यायची. पान्याकडं बघून काय वाटायचं न्हाई." ती उठली. पदर सारखा केला आणि फुलाबाईकडं तोंड करून म्हणाली, "आक्का, ह्यो मानूस आजारी हाय. लगीन कसलं लावतासा? आदी त्येला तुमच्या त्या डागदराला दाखवा." आणि सोपानला म्हणाली, "चल, चारची गाडी हाय."

सोपान कॉटवरून उठला, त्याला काय करावं कळेना, तो मला नमस्कार करून गेला. त्याची बायको त्याच्या मागून गेली. भीमाबाई उंबऱ्याशी चपला घालताना एकदा थांबली, मग निघाली. धोंडाबाई तोंड उघडून बसली होती, तिनं ते मिटलं. पोह्यांच्या बश्या तशाच होत्या. रस्त्यावर त्यांची पावलं दूर गेली.

फुलाबाई माझ्याकडं बघत होती. त्या बघण्यात आता हसू नव्हतं आणि नवरदेवही नव्हता. मी किती घरांत तिच्या मागं उभा राहिलो होतो. ती माणसाच्या समोर हातभर अंतरावर खाली बसते, हात मांडीवर ठेवते आणि थांबते. तिच्या पाठीमागून मला माणसाचा चेहरा दिसायचा, कसा आधी आवळतो आणि मग सैल पडतो. तिचा चेहरा तेव्हा कसा असतो ते मी कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिला. तो काही खास नव्हता. दमलेल्या बाईचा चेहरा होता आणि तिला घाई नव्हती.

"बसा, सायेब," ती म्हणाली.

मी फळी सोडली आणि जमिनीवर बसलो. ती माझ्यासमोर बसली. धोंडाबाई उंबरा ओलांडून आत आली, तांब्यात पाणी ओतलं आणि माझ्याजवळ ठेवलं. मला पळून जावंसं वाटत होतं. दार उघडं होतं आणि मला उठता येत नव्हतं.

"कवापासनं होतंय?" फुलाबाईनं विचारलं.

आम्ही प्रत्येकाला पहिल्यांदा तेच विचारतो. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. थंडीपासून, असं म्हणणार होतो. केशर थंडीत गेली. डॉक्टरांना मी तेच सांगितलं असतं, त्यांनी मान हलवली असती, आणि सगळं परत जागच्या जागी गेलं असतं. पण जीभ तिकडं वळेना. फुलाबाई थांबली होती.

"केशर होती तेव्हापासून," मी म्हणालो.

ते मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आणि केशरला ते माहीत होतं; गाडीत तिनं माझा हात उगीच धरून ठेवला नव्हता.